कोरडा सराव

मानेवाड्यात, शिशिरच्या गच्चीवर,
एप्रिलभर आम्ही समुद्र शिकलो.
ट्रकच्या टायरची ट्यूब, अर्धी हवा, अर्धं पाणी,
तिच्यावर इतवारीतून आणलेली प्लायवूडची फळी.
कडा त्यानंच घासल्या होत्या पॉलिश पेपरनं,
रात्रपाळीहून आल्यावर, न झोपता.

संध्याकाळी सातलाही चपलेशिवाय पाय टेकवत नव्हता.
आधी चार बादल्या पाणी मारायचं, वाफ जाऊ द्यायची,
मग फळीवर पालथं पडून
दोन्ही हातांनी हवा मागं सारायची.
शेजारच्या गच्चीवर डोंगरेकाकू वाळवण काढता काढता थांबायच्या.
‘काय करून राहिले रे तुम्ही?’
‘पोहून राहिलो, काकू.’
त्या कुरडयांचं पातळ उचलून लगबगीनं आत न्यायच्या,
भिजतील म्हणून की काय.

शिशिर खाणीत. सावनेरला, जमिनीखाली.
त्याची शिकवायची रीत एकच:
‘पायाकडे काय पाहून राहिली बे?
पाय काही पळून नाही जात.
जिकडं मान, तिकडं उजेड.’
कपाळावर दिवा नसतानाही
तो तसाच वळायचा, मानेपासून, अख्खा.

तिकिटं चार होती.
सुटी मंजूर झाली, मग नामंजूर,
बदलीवर येणाऱ्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते.
‘तुम्ही जा ना,’ म्हणाला,
‘समुद्राची काय बदली होऊन राहिली?’
सोनेगावला सोडायला आला, गाडीतून उतरला नाही.

जहाजात तौसीफ रात्रभर ओकत होता.
सकाळी लिटल अंदमान,
आणि पाणी असं हिरवं
की नूपुर म्हणाली, खोटं वाटते.
तपन मंडल, आमचे गुरुजी, वय वर्षं तेवीस,
त्यानं वाळूत तीन फळ्या आखल्या, म्हणाला झोपा.
आम्ही झोपलो. त्यानं टाळी वाजवली. आम्ही उठलो,
एका झटक्यात, तिघंही, गुडघे वाकलेले, माना वर.
तो दोन पावलं मागं सरला.
‘कुठं शिकलात?’
‘नागपूरला.’
‘तिथं किनारा आहे?’
तौसीफ म्हणाला, गच्ची आहे.

पहिले दोन दिवस फक्त नाकातून पाणी.
फळीनं नूपुरची हनुवटी फोडली, तीन टाके,
तरी ती चिकटपट्टी लावून परत आत.
आमची गच्ची कधी सरकली नव्हती आमच्याखालून.

तिसऱ्या सकाळी
टाचांच्या मागं काहीतरी उचललं गेलं.
आवाज नाही. आधी नुसतं उचलणं,
लहानपणी अवकाळी आला की झोपेतच
खाटेसकट आत न्यायचे, तसं.
मी उभी राहिले. मान वर केली.
नारळाची झाडं माझ्याकडे चालत येत होती.

चार सेकंद असतील.

परत आल्यावर त्याला उरलेलं मेण दिलं,
फळीला लावायचं, खोबऱ्याच्या वासाचं, वाळू रुतलेलं.
त्यानं नख मारून पाहिलं, हुंगलं, खिशात टाकलं.
‘किती वेळ उभी होती?’
‘चार सेकंद.’
‘मी इथं अकरा मिनिटं राहतो.’
‘इथं हलत नाही ना, शिश्या.’
चपला काढून तो फळीवर चढला.
‘मग हलवा.’

नूपुर डावीकडे, तौसीफ उजवीकडे,
मी मागं, टाचांपाशी.
टाकी भरून वाहायला लागली होती,
खालून कुणीतरी ओरडत होतं, मोटर बंद करा, मोटर,
आणि कुणीच हललं नाही.
आम्ही ट्यूबच्या खाली बोटं घातली,
उचलली, हळूच,
त्याला कळू न देता.

त्याची मान रिंग रोडकडे होती.
तिकडून ट्रकचे दिवे
एकामागून एक वर येत होते.